जुन्या मोटारीत सीट बेल्ट बसवताना: आधी पत्रा, मग पट्टा

वडिलांची १९८३ सालची प्रीमियर पद्मिनी माझ्या ताब्यात आली, तेव्हा तिच्यात पुढचे दोन सीट बेल्ट कोणीतरी बसवून दिलेले होते आणि ते पाहून मला समाधानच वाटले होते. पहिल्याच पावसाळ्यात आत पाणी येऊ लागले म्हणून पायाखालचे मॅटिंग उचलले, तेव्हा चालकाच्या बाजूचा बोल्ट नजरेस पडला. त्याच्याभोवतीचा पत्रा पुरीसारखा वर फुगला होता, आणि गाडीखाली शिरून पाहिले तर रुपयाच्या नाण्याएवढा वॉशर त्या फुगवट्यात अर्धा रुतून बसला होता. गाडीला अपघात कधीच झालेला नव्हता. गंजाने पातळ झालेल्या पत्र्याने बोल्ट आवळताना आणि रोजच्या ओढाताणीतच एवढी माघार घेतली होती. पट्टा नवा होता, बकल चांगले होते, पण ज्याला तो बांधला होता त्यात दम नव्हता.

हे काम मी नंतर पुन्हा पहिल्यापासून करून घेतले, आणि त्यात पंधरा आणे पत्राकाम आणि जेमतेम एक आणा पट्ट्याचे काम असते, असे माझे मत झाले. पट्टा दुकानातून तयार मिळतो. तो ज्या जागी धरून ठेवायचा ती जागा मात्र जुन्या गाडीत आपल्यालाच तयार करावी लागते.

त्या जागेवर किती जोर येतो, याचा अंदाज साध्या गणिताने बांधता येतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी झाडावर आदळली आणि तिचे नाक चेपून आतला माणूस अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबला असे धरले, तर ७० किलो वजनाच्या माणसाला थांबवण्यासाठी सरासरी ८८० किलो वजनाएवढा जोर लागतो. पन्नास किलोची सतरा-अठरा साखरेची पोती एका क्षणात पट्ट्याला टांगल्यासारखे ते होते. ही झाली सरासरी. प्रत्यक्षातला सर्वोच्च झटका याहून मोठा असतो. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या १४ क्रमांकाच्या नियमानुसार नव्या मोटारींच्या आधारबिंदूंची, म्हणजे पट्टा जेथे गाडीला पक्का होतो त्या जागांची, चाचणी घेताना तीन बिंदूंच्या (खांद्याजवळ एक आणि कमरेला दोन असा पक्का होणाऱ्या) पट्ट्याच्या छातीवरच्या भागाला १३,५०० न्यूटन आणि मांडीवरच्या भागालाही तेवढाच जोर एकाच वेळी लावतात. एक मिलिमीटरच्या आसपास जाडीचा पत्रा आणि नाण्याएवढा वॉशर यांची या आकड्यांपुढे काय गत होईल, हे वेगळे सांगायला नको.

कोणत्या गाडीला हात लावावा

आपल्याकडे चालक आणि त्याच्या शेजारचा प्रवासी यांच्यासाठी सीट बेल्ट देणे मोटार उत्पादकांना मार्च १९९४ पासून बंधनकारक झाले. त्याआधीच्या पद्मिनी, अँबॅसिडर, स्टँडर्ड हेराल्ड, डुक्कर फियाट (पद्मिनीच्या आधीची जुनी फियाट) यांच्यात पट्टे नसणे हे म्हणूनच नवल नाही. मात्र अँबॅसिडर २०१४ पर्यंत आणि पद्मिनी नव्वदच्या दशकाच्या अखेरपर्यंत तयार होत राहिली, आणि त्या काळातल्या गाड्यांना कंपनीनेच पट्टे दिलेले आहेत. आपल्या गाडीच्याच घडणीची अशी उशिराची गाडी ओळखीत कोठे असेल, तर तिच्या मालकाची परवानगी घेऊन तिची प्रथम बारकाईने पाहणी करावी. कंपनीने बोल्ट कोठे घेतला आहे, दोन दारांमधल्या खांबाला आतून जोड दिला आहे का, बकलचा देठ जमिनीतून येतो की बोगद्याच्या (दोन आसनांमधल्या जमिनीच्या उंचवट्याच्या) बाजूने, हे सर्व टेप लावून मोजावे आणि छायाचित्रे काढून ठेवावीत. यापेक्षा चांगला नकाशा मिळणार नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १३८ (३) हा नियम, ज्या गाड्यांना नियमानुसार पट्टे दिलेले आहेत त्यांतील प्रवाशांनी ते लावावेत असे सांगतो, आणि पट्टा न लावल्यास २०१९ च्या दुरुस्तीपासून १,००० रुपये दंड आहे. म्हणजे १९८३ च्या गाडीत पट्टा बसवायचा तो आमच्या कोल्हापुरातल्या कावळा नाक्यावरच्या पोलिसासाठी नसून स्वतःच्या बरगड्यांसाठी बसवायचा. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची असेल, तर प्रश्न थोडा नाजूक होतो. २०२१ मध्ये आलेल्या नियमांप्रमाणे अशा गाडीची चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा लागतो. म्हणून वेल्डिंगची मशीन सुरू करण्यापूर्वी आरटीओत कामाचे स्वरूप सांगून लेखी विचारणा करावी, हे बरे.

आणि काही गाड्यांना भोक पाडूच नये. दसऱ्याला शाही सीमोल्लंघनासाठी निघणारी आपली मेबॅक कोल्हापूरकर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहून पाहतात. तशी गाडी माणसाच्या चालीने चालते आणि तिचे मूळपण हेच तिचे मोल असते. ज्या गाडीला महिन्यातून दोनदा तरी पुणे-बेंगळुरू महामार्गावर ट्रकांच्या रांगेतून निपाणीपर्यंत जायचे आहे, तिचा विचार वेगळा.

पत्र्याची परीक्षा

गाडी सपाट जागेवर उभी करून पुढची आसने, मॅटिंग आणि त्याखालचा डांबरी थर संपूर्ण काढावा. हे काम कंटाळवाणे आहे आणि कारागीर ते टाळू पाहतो, म्हणून स्वतः उभे राहून करून घ्यावे. मग एक लहान चुंबक घ्यावा आणि जेथे बोल्ट घ्यायचा विचार आहे, त्या जागेभोवती वीतभर परिसरात तो फिरवावा. चुंबक जेथे सैल धरतो किंवा घसरून पडतो, तेथे रंगाखाली पुट्टी आहे असे समजावे. त्यानंतर जुन्या स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने पत्रा टोचून पाहावा. चांगला पत्रा टण्ण वाजतो, कुजलेला नुसता कुरकुरतो, आणि कधी कधी टोक सरळ पलीकडे जाते. माझ्या गाडीत डाव्या बाजूला दाराच्या उंबऱ्याजवळ असेच झाले. वरून रिव्हेट मारलेला एक ठिगळाचा पत्रा होता आणि त्याखालचा मूळ पत्रा चाळणीसारखा झाला होता.

कोल्हापूरच्या पावसात हे होणारच. शिवाय २०१९ आणि २०२१ च्या पुरांत ज्या गाड्या पाण्यात उभ्या होत्या, त्यांच्या उंबऱ्याच्या पोकळीत पंचगंगेचा गाळ आजही असू शकतो, आणि तो ओल धरून पत्रा आतून खातो. उंबऱ्याखालची पाण्याची भोके तारेने मोकळी करून पाहिली आणि त्यांतून मातीची ढेकळे पडली, तर बेल्टचा विषय बाजूला ठेवून आधी उंबरा नवा करून घ्यावा. कुजलेल्या पत्र्यावर जाड पट्टी चढवल्याने भागत नाही, कारण पट्टी शाबूत राहते आणि तिच्याभोवतीचा पत्रा कागदासारखा फाटतो.

गाडीची मूळ घडणही लक्षात घ्यावी लागते. पद्मिनी आणि अँबॅसिडर यांच्यात वेगळी चेसिस नसून बॉडीच सगळा भार वाहते, त्यामुळे उंबरा, मधला बोगदा, आडव्या पट्ट्या आणि खांब या पेटीसारख्या घडीव भागांजवळच आधार घ्यावा. हेराल्डमध्ये आणि जुन्या जीपमध्ये चेसिस वेगळी असते आणि बॉडी तिच्यावर बोल्टने बसवलेली असते. अशा गाडीत खालचे आधार शक्य तेथे चेसिसशी जोडणे शहाणपणाचे. उघड्या जीपला खांबच नसल्याने खांद्यावरचा पट्टा चेसिसला पक्क्या केलेल्या रोल बारशिवाय घेता येत नाही, आणि तो बसवायचा नसेल तर निदान कमरेचा पट्टा तरी असावा. कमरेचा पट्टा माणसाला गाडीबाहेर फेकले जाण्यापासून वाचवतो; धड मात्र पुढे झुकून डोके स्टिअरिंगवर जाते.

जागा ठरवणे

व्होल्वोचे अभियंता निल्स बोहलिन यांनी १९५९ मध्ये आणलेला तीन बिंदूंचा पट्टा आजही मूळ कल्पनेत तसाच आहे, आणि व्होल्वोने त्याचे पेटंट इतर कंपन्यांसाठी खुले ठेवले, म्हणून तो जगभर पसरला. त्याचे सगळे शहाणपण कोनांत आहे. कमरेचा पट्टा ओटीपोटावर नव्हे, तर कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर टेकला पाहिजे. तो फार आडवा असेल तर धडकेच्या वेळी माणूस पट्ट्याखालून पुढे घसरतो आणि पट्टा वर सरकून पोटात घुसतो. बाजूने पाहिल्यास हा पट्टा जमिनीशी बकलच्या बाजूला ४५ ते ८० अंश आणि दाराच्या बाजूला ३० ते ८० अंश या मर्यादेत खाली उतरावा, असे १४ क्रमांकाचा नियम सांगतो. व्यवहारात दोन्हीकडे ५५ ते ६० अंशांच्या आसपास राहिले तर उत्तम. खालच्या दोन बिंदूंमध्ये किमान ३५० मिलिमीटर अंतर हवे, नाही तर पट्टा कमरेला दोन्ही बाजूंनी चिमटा काढल्यासारखा दाबतो.

वरचा बिंदू बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या पातळीला किंवा त्याहून वर असावा. तो खांद्याच्या खाली, आसनामागे जमिनीवर घेतला, तर धडकेत पट्टा खांदा खाली ओढतो आणि तो सगळा दाब मणक्यावर येतो. पट्टा मानेला घासू नये आणि खांद्यावरून दंडाकडे घसरूही नये.

हे सर्व कागदावर ठरवण्यापेक्षा सुतळीने ठरवावे. आसन परत जागेवर ठेवून घरातील सर्वांत उंच आणि सर्वांत ठेंगण्या माणसाला आळीपाळीने चालकाच्या जागी बसवावे, आसन रुळांवर पुढच्या आणि मागच्या टोकाला सरकवून पाहावे, आणि ठरवलेल्या तीन ठिकाणी चिकटपट्टीने सुतळी लावून ती पट्ट्यासारखी अंगावरून घ्यावी. कोन मोजायला मोबाइलमधील लेव्हल पुरते. माझी आई पाच फुटांना दोन बोटे कमी, तर धाकटा भाऊ सहा फूट. पहिल्या खुणेवर आईच्या गळ्याशी आणि भावाच्या दंडावर सुतळी येत होती, म्हणून वरची खूण तीनदा बदलावी लागली. भोक पाडण्याआधी एक तास असा घालवणे, भोक पाडल्यानंतर ते बुजवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

आसनालाच पट्ट्याचा आधार घेण्याचा मोह टाळावा. जुन्या बाकाचे रूळ आणि त्यांचे बारीक बोल्ट फक्त बाक जागेवर ठेवण्यासाठी केलेले असतात, माणसाचे वजन धडकेत पेलण्यासाठी नव्हे. स्टिअरिंगजवळ गिअर असलेल्या पद्मिनीत पुढच्या बाकावर तिसरा माणूस बसवण्याची सवय आपल्याकडे फार जुनी आहे. त्याला पट्टा कसा द्यावा असे मला अनेकांनी विचारले आहे. माझे उत्तर असे, की त्याला मागे बसवावे.

आधाराची पट्टी आणि बोल्ट

बोल्टचा जोर पत्र्यावर पसरवण्यासाठी त्याच्यामागे जी पोलादी पट्टी लावतात, तिच्यावर सर्वाधिक लक्ष द्यावे. शर्यतींच्या मोटारींसाठी एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटार संघटनेचा नियम आहे, की आधाराच्या पट्टीचे क्षेत्रफळ किमान ४० चौरस सेंटिमीटर आणि जाडी किमान ३ मिलिमीटर असावी. ८० बाय ५० मिलिमीटरची पट्टी हे माप बरोबर पुरे करते. ती साध्या पोलादाची असावी. कोल्हापूरच्या उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात हवे ते ओतून मिळते, आणि तेथील एका कारागिराने मला मोठ्या आपुलकीने १० मिलिमीटर जाड बिडाची चकती देऊ केली होती. पण बीड दाबाला जितके खंबीर तितकेच ताणाला आणि झटक्याला ठिसूळ, म्हणून ती मी परत केली. जवळच्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत लेझरवर ३ मिलिमीटर पोलादी पत्र्यातून आठ पट्ट्या कापून आणल्या. चारही कोपरे गोल केले, कडा कानशीने मारल्या आणि दोन लांब कडा पत्र्यापासून किंचित दूर वळवून घेतल्या, म्हणजे जोर आल्यावर कडेची धार पत्र्यात घुसत नाही.

पट्टी ओढीच्या विरुद्ध बाजूला असली पाहिजे. जमिनीतल्या बोल्टला पट्टा वर ओढतो, म्हणून पट्टी गाडीच्या खालून लागते, आणि पत्रा तिच्यात व बोल्टच्या डोक्यात चिमटून राहतो. ही साधी गोष्ट उलटी केलेली मी पाहिली आहे: जाड पट्टी आत, दिसायला भक्कम, आणि खाली नुसता वॉशर.

बोल्टचे माप सांगताना गोंधळ होतो. सीट बेल्टचा प्रचलित बोल्ट ७/१६ इंची, म्हणजे आपल्या फिटरच्या भाषेत साडेतीन सुती असतो, आणि त्याला इंचाला २० बारीक आटे असतात. हार्डवेअरच्या दुकानात साडेतीन सुती मागितल्यास बहुधा इंचाला १४ आट्यांचा जाड बोल्ट हातात पडतो. तो बारीक आट्यांच्या नटमध्ये दोन फेरे जातो आणि अडतो, आणि मग कोणीतरी पान्याला पाइप लावून तो जबरदस्तीने फिरवतो. आटे तेथेच मरतात. म्हणून पट्ट्यासोबत आलेलेच बोल्ट वापरावेत. वेगळे घ्यावे लागले, तर मिलिमीटरच्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ हा आकडा, किंवा इंची बोल्टच्या डोक्यावर किमान तीन उभार रेषा आहेत का ते पाहावे. कोरे डोके असलेला बोल्ट या कामाला घेऊ नये. पॉप रिव्हेट नट आणि पत्र्याचे स्क्रू यांचे तर नावही काढू नये.

जेथे पलीकडे हात जात नाही, तेथे पट्टीला नट आधीच वेल्ड करून घ्यावा लागतो. त्यासाठी वेल्डचाच मऊ पोलादी नट घ्यावा, कारण कडक नट तापवल्यावर त्याचा गुण जातो किंवा वेल्डच्या कडेला तडा पडतो. तोच बोल्टचा प्रश्न, म्हणून उच्च दर्जाच्या बोल्टला वेल्ड कधीच मारू नये. वेल्डनंतर नटात २० आट्यांचा टॅप फिरवून आटे साफ करावेत, आणि बोल्ट हाताने शेवटपर्यंत फिरतो याची खात्री करूनच पट्टी आत घालावी. एकदा ती खांबात गेली की परत काढण्यासाठी खांब कापावा लागेल.

खांबातले काम

पद्मिनीच्या मधल्या खांबावर पुढच्या दाराच्या कुलपाचा कोयंडा आणि मागच्या दाराच्या बिजागऱ्या दोन्ही असतात, आणि त्यांच्या वर खांब अरुंद होत जातो. डुक्कर फियाटमध्ये पुढची दारे उलटी, म्हणजे पुढच्या कडेने उघडत असल्याने दोन्ही दारांच्या बिजागऱ्या याच खांबावर येतात, आणि तेथे जागा आणखीच तुटपुंजी. आत दिव्याच्या बटणाची वायर आहे का ते आधी पाहावे. आमच्या कारागिराने खांबाच्या आतल्या बाजूला पट्टीपेक्षा थोडी मोठी खिडकी तिन्ही बाजूंनी कापली, ती बिजागरीसारखी वळवून उघडली, नट लावलेली पट्टी आत सरकवली, आणि खिडकी बंद करून पट्टीभोवती आठ मिलिमीटरच्या सहा भोकांतून तिला आतल्या पत्र्याशी वेल्डने जोडले. आत सरकवताना पट्टी हातातून सुटून खांबाच्या तळाशी पडू नये म्हणून तिच्या नटातून तांब्याची तार ओवून तिचे टोक त्याने दाताखाली धरले होते. हा उपाय मला फार आवडला.

अशा कामाला सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात तारेने केलेले विजेचे) वेल्डिंगच वापरावे. गॅसची ज्योत पत्रा दूरवर तापवून मऊ करते आणि खांब वाकडा झाला की दारे बसत नाहीत. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढाव्यात. जमिनीत भोक पाडण्याआधी खालून पेट्रोलची नळी, ब्रेकची नळी, हँडब्रेकची केबल आणि प्रोपेलर शाफ्ट कोठून जातो ते खडूने आखून घ्यावे. मागच्या आसनासाठी काम करत असल्यास पेट्रोलची टाकी रिकामी करून काढूनच ठेवावी, कारण रिकाम्या टाकीतील वाफ भरलेल्या टाकीपेक्षा लवकर पेटते. ओले पोते आणि अग्निशामक नळकांडे हाताशी असावे.

उंबऱ्यासारख्या पोकळ पेटीतून बोल्ट आरपार घ्यावा लागला, तर दोन पत्र्यांमध्ये तंतोतंत लांबीची पोलादी नळी बसवून तिच्यातून बोल्ट घ्यावा. तसे न केल्यास बोल्ट आवळताना पेटी चेपत जाते आणि पकड कधीच घट्ट होत नाही. भोकाच्या कडा कानशीने साफ करून उघड्या पत्र्याला झिंक प्रायमर द्यावा, आणि काम संपल्यावर पोकळीत गंजरोधक मेणाचा फवारा मारावा. नुसत्या रेड ऑक्साइडवर आपल्याकडचा दुसरा पावसाळा निघत नाही.

पट्टा कोणता घ्यावा

पट्टा नवाच घ्यावा. मोडीच्या बाजारात अपघातातल्या गाड्यांचे पट्टे स्वस्तात मिळतात, पण एका धडकेत पूर्ण ताणला गेलेला पट्टा डोळ्याला चांगला दिसला तरी त्याच्या धाग्यांतील ताकद खर्च झालेली असते. पुरातल्या गाडीतील पट्टा गुंडाळणारे रीळ आत गाळ घेऊन बसलेले असते. आधुनिक गाडीच्या पट्ट्यात ओढ देणारी स्फोटक नळी असते, आणि ती उद्यमनगरातल्या एखाद्या बाकावर खोलून पाहणे म्हणजे फटाका हातात धरून पेटवणे.

नव्या पट्ट्याच्या शिवलेल्या लेबलवर एआयएस-००५ किंवा आयएस १५१४० या भारतीय मानकाचा, अथवा वर्तुळातील ‘ई’ या युरोपीय चिन्हाचा उल्लेख असावा. युरोपीय लेबलवर ‘एआर४एम’ अशी अक्षरे असतील, तर तो तीन बिंदूंचा, रीळ असलेला आणि गाडीच्या धक्क्याने व पट्ट्याच्या ओढीने अशा दोन्ही प्रकारे अडकणारा पट्टा आहे असे समजावे. रीळ नसलेला साधा पट्टा घेण्यातही कमीपणा नाही. तो प्रत्येकाला आपल्या मापाने घट्ट करावा लागतो, पण त्यात बिघडण्यासारखे काही नसते, आणि १९६० च्या दशकातल्या गाडीत तो शोभूनही दिसतो. मात्र घरातील माणसे तो सैल ठेवून बसणारी असतील, तर रिळाचाच घ्यावा.

रिळात एक लहान गोळी किंवा लंबक असतो. गाडी अचानक मंदावली किंवा तिरकी झाली की तो हलतो आणि रीळ अडकते. नियमानुसार रीळ बसवलेल्या स्थितीपासून १२ अंशांपर्यंत कलले तरी अडकू नये, आणि २७ अंशांच्या पुढे अडकलेच पाहिजे. म्हणून रीळ कोणत्या कोनात बसवायचे हे त्याच्या पत्रकात दिलेले असते, आणि उभ्या खांबासाठीचे रीळ तिरक्या उंबऱ्यावर चालत नाही. ते दहा अंश वाकडे बसले तर सपाट रस्त्यावर कळत नाही. आंबा घाटातल्या पहिल्या चढाच्या वळणावर पट्टा ओढायला जावे तर तो हलत नाही, आणि वैतागून चालक तो सोडून देतो. रीळ गाडी सपाट उभी असतानाच, लेव्हल लावून पक्के करावे.

बोल्टवर वॉशर आणि कॉलर कोणत्या क्रमाने येतात हे पत्रकातील चित्राप्रमाणेच ठेवावे. बोल्ट पूर्ण आवळल्यावरही पट्ट्याचा पोलादी कान बोटाने इकडे-तिकडे फिरला पाहिजे. तो जाम झाला तर ओढीच्या दिशेने वळू शकत नाही आणि कडेला वाकून तुटतो. आवळणी टॉर्क पान्यानेच करावी. पत्रकातील आकडा पाळावा, आणि तो नसल्यास ४० न्यूटन-मीटरच्या आसपास थांबावे.

तपासणी

प्रथम उभ्या गाडीत पट्टा झटक्याने ओढून तो अडकतो का आणि सोडल्यावर पूर्ण गुंडाळतो का ते पाहावे. बकल शंभर वेळा लावून सोडावे. त्यानंतर पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर ताशी २० किलोमीटर वेगाने जाऊन ब्रेक जोरात दाबावा. रीळ दोन्ही बाजूंना अडकले पाहिजे. साखळी आणि चेन-ब्लॉक लावून आधार ओढून पाहण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो ऐकू नये. तशा ओढीत पत्रा आतून फाटू लागतो, वरून काही दिसत नाही, आणि आपण निर्धास्त होतो.

पाचशे किलोमीटरनंतर मॅटिंग पुन्हा उचलून प्रत्येक बोल्टवर टॉर्क पाना लावावा आणि पट्टीभोवतीच्या रंगाला बारीक तडे गेले आहेत का ते विजेरीच्या उजेडात पाहावे. तडा म्हणजे पत्रा हलतो आहे. नंतर दर पावसाळ्यानंतर एकदा हे पुरेसे. गाडीला लहानशी का होईना धडक बसली, आणि त्या वेळी पट्टा लावलेला होता, तर पट्टा आणि त्याचे बोल्ट दोन्ही बदलावेत, आणि पट्टीची जागा खालून पाहावी.

पट्ट्या आता खांबात आणि मॅटिंगखाली कायमच्या झाकल्या गेल्या आहेत. कामाच्या प्रत्येक टप्प्याची, बाजूला टेप धरून काढलेली छायाचित्रे मी छापून प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवली आहेत. पुढे कधी दुसरा पेंटर तो खांब घासायला घेईल, तेव्हा आत काय आहे हे त्याला खांब न कापता कळेल.